टॉवेल उघडत नाही

पत्र सोलापूरहून आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून मजकूर थोडक्यात असा.

पत्रलेखक चोपन्न वर्षांचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतात. दोन महिन्यांपूर्वी बँकेनं २००८ सालचं कर्जमंजुरीचं पत्र मागितलं म्हणून त्यांनी जुने मेल उपसायला घेतले. पत्र मेलमध्ये नव्हतंच. ते नंतर कपाटात लग्नाच्या अल्बमखाली सापडलं. पण तोवर चटक लागली होती. आता रोज जेवण झालं की ते वीस वर्षांपूर्वीचे मेल वाचत बसतात आणि एकटेच हसतात. बायको म्हणते, ‘माणूस कामातून गेला.’ इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, ‘स्टोरेज फुल झालंय, सगळं उडवून टाका.’

असंच हसता हसता एका रात्री त्यांनी धाकट्या भावाचं नाव टाकून शोधलं. भाऊ पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. २००७ च्या मार्चमध्ये, वडिलांच्या माघारी, जुने माग विकण्यावरून दोघांचं वाजलं. तेव्हापासून लग्नकार्यात गाठ पडली तर ‘काय, बरं?’ एवढंच. घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी : थोरल्यानं मोठेपणा घेऊन मेल लिहिला आणि धाकट्यानं साधं उत्तरही दिलं नाही.

निघालं भलतंच. मोठेपणा घेतलेला तो मेल रात्री पावणेदोनला लिहिलेला होता, अथपासून इतिपर्यंत इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. धाकट्यानं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं होतं आणि पुढच्या अडीच वर्षांत आणखी दहा मेल पाठवले होते. अकराच्या अकरा न उघडलेले. कारण त्या रागात यांनी कारखान्यातल्या कॉम्प्युटर ऑपरेटर पोराला सांगून ‘याचा मेल माझ्या डोळ्यांसमोर येता कामा नये’ अशी सोय, म्हणजे मेलमधला ‘फिल्टर’, करून घेतली होती आणि मग ती विसरूनही गेले.

अकरापैकी आठ मेल म्हणजे नुसती फॉरवर्ड. एक पहिलं उत्तर, तीन ओळींचं : ‘अण्णा, आपण फोनवर बोलू. आईला सांगू नकोस. गाडी नीट चालव.’ एक आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल. आणि शेवटचा २००९ च्या दिवाळीतला, त्याला एक मराठी फाइल जोडलेली. ती उघडली तर सगळी अक्षरं फुटलेली, काही म्हणता काही वाचता येत नाही.

त्यांनी वेबवर ‘भावाशी बोलणं बंद असेल तर काय करावं’ असंही शोधून पाहिलं. वाटणीपत्राचा नमुना मिळाला, दोन ज्योतिषी मिळाले, एक वशीकरणवाले बाबा मिळाले. त्यानंतर आठवडाभर फोनवर वकिलांच्या जाहिराती. त्या पाहून बायकोनं विचारलं, ‘कुणाला नोटीस काढताय?’

त्यांचे प्रश्न तीन. हे जुनं वाचून हसत बसणं म्हणजे डोक्यावर परिणाम आहे का? मुलाचं ऐकून सगळं पुसून टाकावं का? आणि अठरा वर्षांनी भावाला कोणत्या तोंडानं फोन करू?

*

अण्णा,

तुमचा धाकटा तुम्हाला अण्णा म्हणतो, मीही तेच म्हणते. तुमच्या पत्रातला टॉवेलचा भाग मी घरातल्यांना हाक मारून मोठ्यानं वाचून दाखवला. नाव गाळून, काळजी करू नका. वर थोडक्यात दिलेल्या मजकुरात तो बसला नाही, म्हणून वाचकांसाठी इथं सांगते.

२००६ साली अण्णांनी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला नमुन्याचा फोटो पाठवला. मेलमध्ये लिहिलं, ‘प्लीज फाइंड अटॅच्ड टॉवेल.’ फोटो चांगला चार एमबीचा. तिकडून उत्तर आलं, ‘डिअर सर, टॉवेल इज नॉट ओपनिंग. काइंडली सेंड इन स्मॉलर साइज.’ अण्णांनी त्याच दिवशी तत्परतेनं कळवलं की सध्या मागावर तीस बाय साठ इंची चालू आहे, त्याहून लहान हवा तर नॅपकिन विणून देऊ, पण किमान पाचशे डझन घ्यावे लागतील. गिऱ्हाइकानं पुन्हा नाव काढलं नाही. अण्णा लिहितात, ‘ऑर्डर का गेली हे मला आत्ता कळलं.’

हे वाचून जो हसणार नाही त्याच्या डोक्याची मला जास्त काळजी वाटेल. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. परिणामबिरिणाम काही नाही. माझ्याकडेही असा ऐवज आहे. एका संपादकांना लेख पाठवताना मी फाइल जोडायला विसरले. माफी मागून पुन्हा पाठवला, पुन्हा विसरले. तिसऱ्यांदा जोडली ती किराणा मालाची यादी. त्यांचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय : ‘लेख मिळाला. शेंगदाणे पाच किलो जरा जास्त वाटतात.’ संपादक पुण्याचे होते, त्यांना आमच्या घरातला शेंगाचटणीचा खप काय ठाऊक.

पण तुमचं हसणं एकट्याचं आहे, तिथं थोडी गोची आहे. रात्री अकराला नवरा स्क्रीनकडे बघून खुदकन हसतो आणि कुणी आलं की स्क्रीन मिटवतो, याचा अर्थ कुठलीही बायको काय लावेल? तुम्ही स्क्रीन का मिटवता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, टॉवेलचा मेल दाखवायला तुम्हाला अडचण नाही. त्याच्या खाली धाकट्याचं नाव दिसेल, ही अडचण आहे.

तुमच्या वहिनींबद्दल (म्हणजे तुमच्या सौभाग्यवती, माझ्या वहिनी) मला जरा वेगळी शंका आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही घाईघाईत एक वाक्य लिहून गेलात : ‘पुतणी यंदा बारावीला आहे असं हिच्याकडून कळलं.’ हिला कुठून कळलं, अण्णा? तुम्हा भावांचं बोलणं अठरा वर्षं बंद आहे. जावांचं बंद आहे असं कुणी सांगितलं? माझा अंदाज आहे की गेली कित्येक वर्षं भाकरीची कडक चवड आणि चटणीचा डबा कुणाच्या ना कुणाच्या हाती पुण्याला जात असणार आणि तुम्हा दोघांना त्याचा वासही येऊ दिलेला नसणार. अंदाज चुकला तर मला कळवा. पण आधी वहिनींना विचारा.

आता शोधण्याबद्दल थोडं, कारण तुमच्यासारखे अडकलेले बरेच जण आहेत.

मेलमध्ये किंवा वेबवर शोधणं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत हरवलेली चप्पल शोधायला जाण्यासारखं आहे. चप्पल मिळत नाही. दहावीतला मित्र मिळतो, उधारी बुडवलेला माणूस मिळतो, पाळण्यात बसलेले मामा मिळतात. यंत्राला तुमचा हेतू कळत नाही, शब्द कळतो. तुम्ही ‘भाऊ’ आणि ‘बंद’ लिहिलंत, त्यानं वाटणीपत्र काढून दिलं. त्याच्या लेखी ते बरोबरच आहे. भाऊ, बोलणं बंद, पुढं काय? आपल्याकडच्या कागदपत्रांत पुढं बहुतेक वेळा वाटणीपत्रच येतं.

शब्दाच्या या हटवादीपणाची एक गंमत आपल्या गावाच्या नावातच आहे. इंग्रजीत गाव शोधताना ‘एस’नंतर लगेच ‘ओ’ घातला तर हॉटेलं, विमानसेवेच्या बातम्या आणि चादरींची दुकानं येतात. मध्ये एक ‘एच’ घालून जुनं ‘शोलापूर’ करा, शहर एकदम शंभर वर्षं मागं जातं. गिरण्यांचे कागद, १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले आपले चार हुतात्मे, यांचा इंग्रजांच्या काळातला इंग्रजी मजकूर त्या जुन्या नावाखाली आहे. एका अक्षरासाठी माझा एक अख्खा रविवार गेला होता, म्हणून सांगते.

मेलमध्ये हाच घोळ दुप्पट, कारण तेव्हा आपण सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो आणि प्रत्येकाचं शुद्धलेखन स्वतंत्र. ‘आई’ कुणी एका ‘ए’नं लिही, कुणी दोन, कुणी शेवटी दोन ‘ई’ लावी. ‘वहिनी’ला कुणी ‘व्ही’, कुणी ‘डब्ल्यू’. त्यात सोलापूरकर असेल तर विचारूच नका. तुमच्या भावाचा २००५ चा मेल, ‘काय करलालास अण्णा, जेवलालास का?’ हा कुठल्या शब्दानं शोधायचा? जीमेल बहुधा अख्खा शब्द जुळवतं, अर्ध्यावर अंदाज बांधत नाही. म्हणून जुन्या मराठी मेलसाठी शब्दाचा नाद सोडा. कॉम्प्युटरवर शोधपेटीच्या उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, जोडलेली फाइल, मेलचा आकार असे रकाने उघडतात. नाव आणि साल टाका. बँकेचं पत्र शोधताना तुम्ही नुसतं ‘बँक’ टाकलंत आणि कार्ड घ्या, कर्ज घ्या यांचा ढिगारा अंगावर आला. २००८ च्या दोन तारखांमध्ये शोधलं असतंत तर पाच मिनिटांत कळलं असतं की पत्र इथं नाही, कपाट उघडा. पण मग हे बाकीचं सापडलं नसतं.

मुलाच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. स्टोरेज खरंच भरलं असेल आणि ते भरलं की मेल येणंजाणं थांबतं, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. पण दोष जुन्या मेलचा नाही. गूगलकडून फुकट मिळणारे पंधरा जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात आणि १ जून २०२१ पासून नव्यानं चढवलेले फोटो-व्हिडिओही त्यात मोजले जातात. नुसत्या मजकुराचा मेल पाच-दहा केबीचा. एका जीबीत असे लाखभर मावतील. तुमची जागा खाल्लीय ती भाच्याच्या मुंजीच्या व्हिडिओनं आणि कारखान्याच्या कॅमेऱ्यातल्या चित्रीकरणानं. आकाराच्या रकान्यात दहा एमबीपेक्षा मोठे मेल मागवा, फोटोंमध्ये मोठे व्हिडिओ बघा, ते आधी डिस्कवर उतरवून घ्या आणि मग काढा. काढल्यावर कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर तीस दिवस ते तिथंच जागा अडवून बसतात. मुलाला हे काम द्या. ‘उडवून टाका’ म्हणायला सोपं असतं, निवडून काढायला बसलं की तोही तुमच्याशेजारी हसायला लागेल.

वाचकांपैकी कुणाची जुनी खाती नुसतीच पडून असतील तर एकदा उघडून बघा. गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं बंद करू शकतं. काही ठिकाणी मुदत याहून कमी आहे.

आता मुख्य विषय.

मेल सापडल्यापासून तुम्ही स्वतःला गुन्हेगार ठरवून मोकळे झालात. ‘अठरा वर्षं मी खोटं बोललो’ असं लिहिलंत. मला ते पटत नाही. खोटं बोलायला खरं माहीत असावं लागतं. तुम्हाला उत्तर आलेलं माहीतच नव्हतं. राग तुमचा, फिल्टर तुमचा, विसरणंही तुमचंच, हे कबूल. पण त्यापलीकडं जाऊन तुम्ही आणखी एक गोष्ट धरून चाललात की मेलमध्ये आहे तेवढंच घडलं. तुम्ही मागवाले आहात, तुम्हाला मी काय सांगू. नुसत्या ताण्यावरून टॉवेल कसा होता ते कळतं का? बाणा फोनवर झाला, ओसरीवर झाला, आईच्या मध्यस्थीत झाला, आणि त्याची नोंद कुठल्याही शोधपेटीत नाही. धाकट्यानं ‘फोनवर बोलू’ लिहिलं. मग त्यानं फोन केला होता का? केला असेल तर कुणी उचलला? नसेल केला तर का नाही? हे तुम्हालाही माहीत नाही. त्यालाही त्याची गोष्ट पाठ असणार आणि तीही अशीच अर्धी असणार.

कॅपिटल अक्षरांचंच बघा. मुलानं तुम्हाला सांगितलं की तसं लिहिणं म्हणजे ओरडणं. तेव्हापासून तुम्ही म्हणताय, ‘मी भावावर पानभर ओरडलो.’ पण तुम्हीच पत्रात दिलेला २००५ चा किस्सा आठवा. तेव्हा जीमेल मागून मिळायचं, निमंत्रण लागायचं. धाकट्यानं तुम्हाला निमंत्रण पाठवलं, खातं उघडून दिलं आणि पहिला मेल टाकला, ‘टेस्ट. मिळाला तर कळव.’ तुमचं उत्तर : ‘मिळाला.’ तेही कॅपिटलमध्येच! आयुष्यभर चलनं आणि बिलं तशीच लिहिलेला माणूस मेल वेगळा कशाला लिहील? दोन वर्षं तुमचे असे मेल वाचणाऱ्या भावाला तुमचा आवाज कुठं चढतो आणि कुठं नाही, हे मुलापेक्षा जास्त कळत असणार. मजकूर वाईट होता, ते तुम्ही कबूल करताच. अक्षरांचा दंड मात्र भरू नका.

(जाता जाता : फेब्रुवारी २००७ मध्ये जीमेल सगळ्यांना खुलं झालं, निमंत्रणाची गरज संपली. मार्चमध्ये तुमचं भांडण झालं. यात काही अर्थ नाही, पण मला हसू आलं.)

आणि आता ती आठ फॉरवर्ड. तुम्ही ती एका वाक्यात निकालात काढलीत, ‘बाकी नुसता कचरा.’ तुम्ही यादी दिलीत म्हणून बरं. गुलाबांच्या फोटोंची, गाणं वाजणारी स्लाइड शो फाइल. सूर्योदय. ‘हॉटमेल बंद होणार आहे, वीस जणांना पाठवा.’ अकरा जणांना पाठवलं नाही तर अनर्थ होईल असं कुठल्याशा देवाचं पत्र. दिवाळीच्या रात्री नासानं आकाशातून काढलेला भारताचा फोटो. (तो फोटो दिवाळीचा नाही, अण्णा. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या शास्त्रज्ञानं २००३ मध्ये उपग्रहांच्या माहितीवरून केलेला तो नकाशा आहे. १९९२ पासून कुठं कुठं नवे दिवे लागत गेले ते त्यात वेगवेगळ्या रंगांनी दाखवलंय. नासालाच २०१२ मध्ये खुलासा करावा लागला. तरी दरवर्षी दिवाळीला तो येतोच.)

एक विचार करा. सॉफ्टवेअरमधला माणूस. ‘अकरा जणांना पाठवा’ असल्या मेलवर त्याचा विश्वास असेल? ऑफिसात असले मेल पाठवणाऱ्यांना तो हसत असणार. मग तुम्हालाच का पाठवले? ज्याच्याशी नीट बोलता येतं त्याला कुणी गुलाबाचे फोटो पाठवत नाही, सरळ फोन करतो. बोलायला तोंड नसलं की माणूस गुलाब पाठवतो. आज सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर फुलं पाठवणारे काकालोक आपण थट्टेवारी नेतो, त्यातल्या निम्म्यांना नुसतं ‘मी आहे’ एवढंच सांगायचं असतं. आठ वेळा त्यानं दार वाजवलं आणि आठही वेळा तुम्ही घेतलेल्या नव्या वॉचमननं त्याला मागच्या अंगणात नेऊन बसवलं. तिथं तो दिवाळी २००९ पर्यंत बसला.

डोळ्याच्या ऑपरेशनच्या मेलनं मला जरा चटका लावला. तुमच्या आठवणीत, तो न विचारता दवाखान्यात येऊन उभा राहिला आणि पैसे पुढं करून त्यानं तुमचा चारचौघांत अपमान केला. मेलमध्ये त्यानं आठ दिवस आधी विचारलं होतं, ‘मी येऊ का? पैसे आणू का? नको म्हणालास तर येणार नाही.’ तुम्ही नको म्हणाला नाहीत. म्हणून तो आला. या एका प्रसंगापुरतं तुम्ही त्याचं देणं लागता, आणि ते घरात सगळ्यांसमोर, जेवायला बसल्यावर, सांगून टाका. पंगतीत मीठ मागतात तसं, साधेपणानं. फिल्टरची गोष्ट सांगितलीत तर मुलगा पोट धरून हसेल आणि ते बरंच होईल. तुमच्या घरात ती जुनी गोष्ट एवढ्या वेळा सांगून झालीय की तिला बाहेर काढायला तितकीच मजेदार दुसरी गोष्ट लागेल, आणि ती तुमच्याकडं आहे.

इथं इतर वाचकांसाठी थांबून एक सांगायला हवं. जुने मेल सगळ्यांसाठी हसण्याचे नसतात. मागं एका ताईंनी लिहिलं होतं की नोकरीतल्या एका जाचक माणसाचे मेल त्यांनी असेच दृष्टिआड केले होते आणि आता ‘निदान वाचून तरी बघावेत का’ अशी टोचणी लागलीय. त्यांना मी नको म्हणाले होते. काही फिल्टर रागानं लावलेले असतात, काही जीव वाचवायला. दुसऱ्या प्रकारचे राहू द्यावेत. कुठला कुठला आहे हे लावणाऱ्याला आतून माहीत असतं. तसंच, मध्यरात्री जुनं काही सापडलं की ते लगेच समोरच्याला पाठवून देऊ नका. अण्णा, तुमच्या डोक्यात अकरा मेलचे फोटो काढून भावाला ‘बघ, मी वाचलेच नव्हते’ म्हणून पाठवायचं आहे. पाठवू नका. तो पुरावा झाला. पुराव्याला माणूस पुराव्यानंच उत्तर देतो आणि मग तुमच्या फोनवरच्या वकिलांच्या जाहिराती खऱ्या ठरतील.

राहिली ती फुटलेली फाइल. तिला काही झालेलं नाही, म्हणजे ती बिघडलेली नाही. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकड्यानं साठवतो. तेव्हाचे श्री-लिपी, शिवाजी असले फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवायचे, फक्त त्यांना मराठी चेहरा चढवायचे. तो फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, म्हणून चेहरा उतरला आणि खालची इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंसांची मिसळ उघडी पडली. आता युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःचा आकडा आहे म्हणून असं होत नाही. ज्यांच्याकडं अशा फाइली असतील त्यांनी वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करून फॉन्टच्या चौकोनात नाव काय दिसतं ते बघावं. तो फॉन्ट मिळवून घातला की मजकूर जागेवर येतो. नाहीतर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं असतात, आपल्या पेठेतल्या कुठल्याही जुन्या डीटीपीवाल्याला ती ठाऊक असतात. खासगी पत्र मात्र अनोळखी वेबसाइटवर नेऊन चिकटवू नका.

हे सगळं मी इतर वाचकांसाठी लिहिलं. तुम्ही यातलं काही करू नका.

तुम्ही विचारता, कोणत्या तोंडानं फोन करू. तुमच्या पत्रात भांडणाआधीच्या दोन वर्षांतल्या धाकट्याबरोबरच्या ज्या ज्या फोनचा उल्लेख आहे, ते सगळे एकाच कारणानं झालेले आहेत. प्रिंटर चालेना. पासवर्ड विसरला. टॉवेलचा फोटो जाईना. थोरल्या भावाला ‘माझं चुकलं’ म्हणताना जीभ जड होते, आणि खरं सांगायचं तर धाकट्यालाही ते ऐकताना कुठं बघावं कळत नाही. पण ‘कॉम्प्युटर चालेना’ हे वाक्य तुम्हा दोघांत पूर्वीपासून चालत आलेलं आहे. त्याला मानपानाची भानगड नाही.

रविवारी सकाळी, त्याचा चहा झाला असेल अशा वेळी, फोन लावा. मेल नको, व्हॉट्सॲप नको. वहिनींना शेजारी बसवा, नंबर त्यांच्याकडं असेलच. आणि म्हणा, ‘अरे, तुझी दिवाळीची एक फाइल आलीय, उघडतच नाही. सगळी अक्षरं फुटलीत. काय लिहिलं होतंस?’

तो विचारेल, ‘कुठल्या दिवाळीची?’

तिथून पुढं तुमचं तुम्हाला सुचेल. टॉवेलचा किस्सा हाताशी ठेवा, मध्येच दोघं गप्प झालात तर लागेल. आणि बोलता बोलता तो नक्की म्हणेल, ‘थांब, तीच फाइल नव्यानं करून पाठवतो.’ म्हणून शनिवारी रात्रीच कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस’ उघडा आणि त्याच्या नावापुढचा फिल्टर काढून टाका. स्टोरेजमध्येही थोडी जागा करून ठेवा.